पाणी गेलं कुठं? नागपुरातल्या लहान मुलांना जलचक्र शिकवायची रीत

मे महिन्यात नागपुरात कूलरच्या टाकीत पाणी भरायचं काम बहुतेक घरांत मुलांच्याच वाट्याला येतं. सकाळी तीन-चार बादल्या ओतल्या की संध्याकाळी पुन्हा तळ दिसतो. टाकी फुटकी नाही, खाली सांडलेलं नाही, मग पाणी गेलं कुठं? हा प्रश्न पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. ‘संपलं’, ‘सुकलं’, ‘सूर्यानं पिऊन टाकलं’, ‘पंख्यानं खाल्लं’ अशी उत्तरं येतील. ‘ते पाणी ह्याच खोलीतल्या हवेत आहे’ हे उत्तर फार क्वचित येतं.

जलचक्र शिकवताना खरी अडचण इथंच आहे. पुस्तकातल्या चित्रात समुद्र, सूर्य, ढग, डोंगर आणि त्यांना जोडणारे बाण असतात. मूल ते चित्र दोन दिवसांत पाठ करतं आणि न चुकता काढूनही दाखवतं. पण समुद्राकडून ढगाकडं जाणाऱ्या बाणाच्या जागी प्रत्यक्षात काहीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आहे हे मुलाला कुणी पटवलेलंच नसतं. शिकवायला जेवढा वेळ असेल त्यातला निम्मा ह्या न दिसणाऱ्या वाफेवर घालवा. पाऊस, नदी, समुद्र ह्या गोष्टी मुलांना सहज समजतात.

वयाचा हिशोब ढोबळच ठेवा. बालवाडीतल्या मुलांना दोन गोष्टी पुरेत: पाणी हवेत जातं आणि हवेतून परत येतं. पहिली-दुसरीला ढग, जमीन आणि झाड जोडा. तिसरी-चौथीची मुलं मोजू शकतात, त्यांच्याकडून मिलीलीटर आणि ग्रॅम लिहून घ्या. बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्द प्रयोग झाल्यावर सांगावेत. आधी सांगितले की मुलं शब्दालाच उत्तर समजतात. एका दिवशी एकच प्रयोग, वीस-पंचवीस मिनिटं. त्याहून लांबवलं तर पाण्याशी खेळ सुरू होतो.

आधी ऋतू बघा

इंटरनेटवरचे बरेचसे प्रयोग थंड किंवा दमट देशांतले असतात. ते जसेच्या तसे उचलले की नागपुरात अर्धे फसतात. इथली मे महिन्यातली हवा कमालीची कोरडी, तर ऑगस्टमधली ओलीचिंब. म्हणून बाष्पीभवनाचे प्रयोग एप्रिल-मेमध्ये किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात करा. थंड ग्लासावर थेंब जमवायचे प्रयोग जुलै ते सप्टेंबरमध्ये. दव पाहायचं तर डिसेंबरची सकाळ. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे शाळेत क्रम उलटा ठेवलेला बरा: आधी हवेतून पाणी काढून दाखवा आणि दिवाळीच्या आसपास पाणी हवेत घालवून दाखवा. उन्हाळी शिबिर घेणाऱ्यांना आणि घरी शिकवणाऱ्यांना पुस्तकातलाच क्रम चालतो.

पाणी हवेत जातं

खडू घेऊन अंगणात सांडलेल्या पाण्याभोवती रेघ ओढायची, दहा मिनिटांनी पुन्हा ओढायची, हा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. तो चांगला आहे, पण सिमेंटच्या कोब्यावर करू नका. सिमेंट पाणी पितं, आणि चुणचुणीत मूल लगेच म्हणतं, ‘जमिनीत मुरलं की!’ त्याचं म्हणणं बरोबरच असतं. गुळगुळीत टाइल किंवा स्टीलचं ताट घ्या, म्हणजे खाली जायला वाटच राहत नाही.

ताटाचा प्रयोग असा करा. साधारण २० सेंटीमीटर व्यासाची, काठ उभा असलेली दोन सारखी ताटं घ्या. प्रत्येकात २०० मिलि पाणी मोजून घाला. माप नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं छोटं झाकण किंवा बिनसुईची १० मिलिची सिरिंज वापरा. सिरिंज मुलांना आवडते आणि मोजण्याचा सरावही होतो. ताटात पाण्याची खोली सहा-साडेसहा मिलिमीटर भरेल. एक ताट उघडं ठेवा, दुसऱ्यावर घट्ट बसणारं झाकण ठेवा आणि दोन्ही शेजारी शेजारी उन्हात मांडा. मे महिन्यात सकाळी दहाला ठेवलेलं उघडं ताट संध्याकाळपर्यंत कोरडं किंवा कोरडं होण्याच्या बेतात असतं. ऑगस्टच्या ढगाळ हवेत त्यालाच दोन-तीन दिवस लागतात. संध्याकाळी उरलेलं पाणी सिरिंजनं परत मोजा.

फसतो तो पाणी पिणाऱ्यांमुळं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी दिसलं की चिमणी, कावळा, मांजर, सगळे येतात, आणि मग पाणी कुणी नेलं ह्याचा निवाडा होत नाही. ताटांवर पिठाची चाळणी पालथी घाला. चाळणी दोन्ही ताटांवर हवी, एकावरच घातली तर ‘चाळणीमुळं झालं’ असा मुद्दा निघतो. आणखी एक, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. ते पुसून टाकू नका, मुलांना बोटानं लावून बघू द्या. वर गेलेलं पाणी अडलं की काय होतं, ते तिथंच दिसतं.

उकळल्याशिवाय वाफ होत नाही, हा समज मोडायला ओला रुमाल पुरतो. सारखे दोन सुती रुमाल भिजवून, पिळून, एक पसरून आणि एक चार घड्या घालून सावलीत, वाऱ्याला ठेवा. मे महिन्यात पसरलेला पंधरा-वीस मिनिटांत वाळतो. घडीचा ओलाच. ना विस्तव, ना ऊन. मग माठाला हात लावायला सांगा: बाहेरून ओलसर आणि गार. माठातून झिरपलेलं पाणी हवेत जाताना माठातली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त थंड असतं. तोच माठ ऑगस्टमध्ये पाणी फारसं गार करत नाही, कारण ओल्या हवेत पाणी फार कमी उडतं. हे मोठ्या मुलांना विचारायला छान आहे. लहानांना नको.

कूलरच्या खोलीतला ग्लास

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. तो नागपूरच्या उन्हाळ्यात जसा होतो तसा मुंबई-कोकणात होणार नाही. तिथली हवा आधीच दमट.

दुपारी, कूलर निदान तासभर चालू असताना, स्टीलचे दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत फ्रिजमधलं थंड पाणी अर्ध्यापर्यंत भरा. बाहेरून सुक्या फडक्यानं नीट पुसा. एक पेला कूलरच्या खोलीत ठेवा, दुसरा गच्चीवर सावलीत. पाच मिनिटांनी दोन्हींवरून मुलाला बोट फिरवायला सांगा. खोलीतला पेला ओला, गच्चीवरचा कोरडा. पाणी तेच, पेले तसेच, फरक फक्त हवेचा. आता सकाळचा प्रश्न पुन्हा विचारा: टाकीतलं पाणी गेलं कुठं?

इथं घाई करून उत्तर सांगू नये. बहुतेक मुलं आधी ‘पेला गळतो’ किंवा ‘पाणी आतून बाहेर आलं’ असं म्हणतात. ते खोडून काढायला आतल्या पाण्यात चमचाभर कुंकू किंवा खायचा लाल रंग मिसळा आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदी रुमालानं टिपा. रुमाल पांढराच राहतो. कुंकू घालताना पेल्याच्या काठाला आणि हाताला लागतं आणि मग रुमालावर गुलाबी डाग येतो. त्यामुळे रंग दुसऱ्या भांड्यात कालवून मग पेल्यात ओता, हात धुवा, पेला पुसा, आणि मगच घड्याळ लावा. रंगाचं पाणी प्यायला देऊ नका.

कूलरची गंमत मोजायचीही आहे. बादली १५ लिटरची असेल तर दिवसाला किती बादल्या घातल्या, ते मुलानं भिंतीवर कागद लावून रेघांनी लिहावं. आठवड्यात शेकडो लिटर पाणी खोलीतून आणि खिडकीतून हवेत गेल्याचं दिसतं. खिडकी बंद ठेवली की खोली चिकचिकीत होते आणि कूलर गार हवा देईनासा होतो. घरातल्या मोठ्यांना हे ठाऊक असतं, पण त्याचं कारण मुलाला सांगायचं राहून जातं. पाणी भरताना कूलरची पिन काढलेलीच हवी. ओल्या हातानं चालू कूलरच्या जाळीला मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम प्रयोगाच्या आधी सांगा. कूलरमधून शॉक लागायचे प्रकार उन्हाळ्यात होतातच.

पावसाळ्यात ह्याच प्रयोगाला वजनकाटा जोडा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालतो. फ्रिजमधून १ लिटरची भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली काढा, पुसा, छोट्या ताटलीत उभी करा आणि ताटलीसकट वजन करून लिहा. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा वजन करा. ऑगस्टमध्ये वजन काही ग्रॅमनी वाढलेलं दिसतं. झाकण बंद, वरून कुणी काही घातलं नाही, तरी बाटली जड झाली! ग्लासावरच्या थेंबांबद्दल शंका घेणारी मुलंही ह्या आकड्यापुढं गप्प बसतात. ताटली हवीच, नाहीतर ओघळून गेलेलं पाणी हिशोबातून सुटतं. काटा मिनिटा-दोन मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि काही काटे चालू करताना वर असलेलं वजन शून्य धरतात. म्हणून आधी रिकामा काटा चालू करायचा, मग बाटली ठेवायची. शेजारी फ्रिजबाहेरची साधी बाटलीही तोलून ठेवा. तिचं वजन हलत नाही.

ढग म्हणजे काय, आणि काय नाही

कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या रोज बघणारी मुलं ढग तिथंच तयार होतात असं सांगतात. काहींना ढग कापसाचा वाटतो, काहींना पाण्याची पिशवी, जी ‘फुटली’ की पाऊस पडतो. ढग म्हणजे वाफ, हे तर मोठी माणसंही सर्रास सांगतात. ते चूक आहे. वाफ दिसत नाही. ढगात दिसतात ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब, खूप उंचावर बर्फाचे कण.

फरक दाखवायला कुकरची शिट्टी पुरते. शिट्टी होताना मूल मीटरभर लांब उभं राहील आणि मागं काळपट काही असेल असं बघा. शिट्टीच्या तोंडाला अगदी लागून थोडी जागा रिकामी दिसते, पांढरा लोट त्याच्या वर सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत वाफ आहे. वरची पांढरी झुळूक म्हणजे थंड होऊन झालेले थेंब. हे एकदा नीट दिसलं की मुलं प्रत्येक शिट्टीला ती मोकळी जागा शोधतात.

बरणीतला ढग असा करा. लोणच्याची एक-दीड लिटरची पारदर्शक काचेची बरणी घ्या. आधी कोमट पाण्यानं विसळा, नाहीतर गरम पाण्यानं तडकते. तळाला दोन सेंटीमीटर गरम पाणी घाला. उकळतं नको, वाफाळतं पुरे. हे काम मोठ्यानं करायचं. बरणी फिरवून आतले काठ ओले करा. तोंडावर स्टीलची वाटी ठेवून त्यात बर्फाचे सहा-आठ तुकडे टाका. मिनिटभर थांबा. मग वाटी जराशी उचलून पेटती अगरबत्ती दोन-तीन सेकंद आत धरा आणि वाटी परत ठेवा. मागं काळा कागद आणि बाजूनं टॉर्च. बर्फाखाली धुकं तयार होऊन फिरताना दिसतं. वाटी काढली की ते वर येऊन विरून जातं.

धूर कशाला? हवेतल्या वाफेला थेंब धरायला काहीतरी आधार लागतो. खऱ्या ढगात तो धूळ, मीठ, धुराचे कण ह्यांचा असतो. अगरबत्ती न लावता करून पाहा, ढग फारच पुसट होतो. पण अडचणही इथंच आहे. धूर जास्त झाला तर मूल म्हणतं, ‘हा धूरच आहे, ढग नाही.’ शेजारी दुसरी कोरडी बरणी ठेवा, गरम पाणी आणि बर्फ नसलेली, आणि तिच्यातही तेवढाच वेळ अगरबत्ती धरा. दोन्हींतला फरक दिसला की वाद मिटतो. बर्फ कमी पडला किंवा पाणी कोमट झालं तरी ढग होत नाही. वर्गात तीस मुलांना दाखवायचं तर थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, कारण प्रत्येक खेपेला नवं लागतं.

थेंब मोठा झाला की पडतो, एवढं दाखवायला डब्याचं पारदर्शक झाकण घ्या. त्यावर ड्रॉपरनं जवळजवळ दहा-बारा बारीक थेंब ठेवा आणि अलगद उलटं करा. थेंब लटकून राहतात. आता टूथपिकनं एकाला दुसऱ्याशी जोडत जा. चार-पाच जुळले की तो मोठा थेंब टपकतो. पावसाच्या एका थेंबात ढगातले साधारण दहा लाख थेंब सामावलेले असतात, हे ऐकून तिसरीची मुलं खूश होतात. पहिलीच्या मुलांना लाख आणि हजार सारखेच.

गंजातलं (पातेल्यातलं) जलचक्र

सगळं एकत्र दाखवायला ही मांडणी उत्तम. पिशवीत निळं पाणी भरून खिडकीला चिकटवायचा प्रकार जास्त लोकप्रिय आहे, पण त्यात थेंब घसरून त्याच पाण्यात मिसळतात आणि वर गेलेलं पाणी वेगळं हाती लागत नाही. शिवाय आपल्या उन्हात चिकटपट्टी सुटून पिशवी खाली येते.

पंचवीस सेंटीमीटर तोंडाचा, रुंद आणि फार खोल नसलेला गंज घ्या. मधोमध जड स्टीलची वाटी ठेवा आणि ती तरंगू नये म्हणून तिच्यात धुतलेला गुळगुळीत गोटा टाका. वाटीचा काठ गंजाच्या काठाखाली निदान पाच सेंटीमीटर असावा. अर्धा लिटर गरम पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून, चिमूटभर हळद कालवून ते वाटीच्या बाहेर ओता. वाटीत शिंतोडा उडता कामा नये, नाहीतर पुढची सगळी चव बिघडते. गंजाच्या तोंडावर स्वच्छ पातळ प्लॅस्टिक जरा सैल पसरा आणि सुतळीनं दोन वेढे घालून करकचून बांधा. मधोमध, बरोबर वाटीच्या वर, सुपारीएवढा खडा ठेवा म्हणजे प्लॅस्टिकला उतार येईल. सकाळी दहाच्या सुमाराला उन्हात ठेवा, दोनला उचला. सावलीत नेऊन दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग उघडा. उघडायच्या आधी प्लॅस्टिकवर एक टिचकी मारा, चिकटलेले थेंब वाटीत पडतात.

दोन ते चार चमचे पाणी मिळतं. ते नितळ, बिनहळदीचं असतं. भांडी आणि प्लॅस्टिक स्वच्छ असतील तर जिभेला लावून बघू द्या: खारट नाही. समुद्र खारा असून पाऊस गोडा का, ह्याचं उत्तर मुलं स्वतः देतात. गंजातलं उरलेलं पाणी ताटात ओतून दोन दिवस उन्हात ठेवलं की तळाला मीठ आणि हळद उरते.

काहीच मिळालं नाही तर आधी काठ तपासा. सुतळी सैल असेल तर वाफ तिथून निघून जाते. प्लॅस्टिकचा कोन वाटीच्या बाहेर गेला की थेंब खाऱ्या पाण्यात पडतात. खडा जड झाला तर प्लॅस्टिक वाटीला टेकतं. गंज कललेला असला तरी तेच होतं, म्हणून गच्चीच्या उतारावर ठेवताना खाली चकती सरकवा.

झाड आणि जमीन

झाडाचा प्रयोग सोपा आहे. जास्वंद, कडुनिंब किंवा अंगणातल्या संत्र्याच्या झाडाची पंधरा-वीस पानांची फांदी पारदर्शक पिशवीत घालून तोंड दोऱ्यानं आवळा. दुसरी पिशवी तशीच, पण वाळल्या काटकीला बांधा. दोन तासांत पहिल्या पिशवीत थेंब जमतात. मे महिन्यात दोन तासांहून जास्त ठेवू नका, पानं करपतात. झाडाला आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं असावं. फांदी पावसानं ओली असेल तर प्रयोग वाया गेला.

जमिनीवर मात्र जरा थांबा, कारण नागपूर जिल्ह्यात माती बघायला मिळते तशी सगळीकडं मिळत नाही. एक लिटरच्या तीन बाटल्या मधून कापा, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा, तोंडाला सुती कापड बांधा. एकीत वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत वावरातली काळी माती, प्रत्येकी दोन वाट्या, सारखी दाबलेली. प्रत्येकीत १०० मिलि पाणी ओता आणि खाली पहिला थेंब कधी पडतो ते मोजा. वाळूतून ते लगेच उतरतं, मुरमातून जरा सावकाश. चुरलेल्या काळ्या मातीत ते वरच साचून राहतं आणि बरंचसं माती धरून ठेवते. आता भेगाळलेल्या काळ्या मातीचं अखंड ढेकूळ घेऊन बघा. आधी पाणी भेगांतून सरकन खाली जातं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वाट बंद. पहिल्या पावसाचं पाणी शेतात मुरतं आणि नंतरच्याचं डबकं होतं, त्याचं हे कारण. चौथी बाटली म्हणून टाइलचा तुकडा तिरपा धरून त्यावर १०० मिलि ओता. सगळं वाहून जातं. नागपुरातले सिमेंटचे रस्ते आठवून मुलं आपणच बोलतील.

नळापासून उपसागरापर्यंत

वर्गाच्या फरशीवर किंवा गच्चीवर खडूनं नकाशा काढा आणि त्यावर निळी लोकर पसरा. सुरुवात तोतलाडोहच्या धरणापासून. पेंच नदीचं पाणी तिथून नवेगाव खैरीला, पुढं गोरेवाड्याला शुद्ध होऊन नळाला. कन्हान नदीचं पाणीही शहराला येतं. शेजारी अंबाझरी तलाव काढा, त्याचा सांडवा नाग नदीला मिळतो. वापरलेलं पाणी नालीतून नाग नदीत, नाग नदी शहर ओलांडून कन्हानला, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण. पुढं गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवर वर्धा नदी मिळाली की तिचं नाव प्राणहिता, सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला.

इथं थांबून बातम्यांत कानावर पडणारं वाक्य आठवायला सांगा: बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, विदर्भात पाऊस. लोकरीचं दुसरं टोक उपसागरावरून उचलून हवेतून नागपूरवर आणा. आपल्या पावसात अरबी समुद्राकडून आलेली वाफही असते, तेव्हा दुसरा धागा पश्चिमेकडूनही आणावा. एक आखूड धागाही लावा: भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं आणि तिथं यंत्रं थंड करताना त्यातलं बरंच पाणी पुन्हा हवेत जातं. सगळं पाणी समुद्र गाठतंच असं नाही, हे त्यातून आपोआप कळतं. नाग नदी दाखवायला नेलं तर पुलावरूनच दाखवा. पाण्यात उतरू देऊ नये, त्यात सांडपाणी आहे.

पाऊस मोजणं

दोन लिटरची, सरळ बाजूंची शीतपेयाची बाटली घ्या. वरचा तिसरा भाग कापून उलटा, नरसाळ्यासारखा आत बसवा आणि चिकटपट्टी लावा. तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून त्यात खडे टाकून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची रेघ मारा. त्यावर पट्टी चिकटवा. बाटली विटांच्या मध्ये उभी करा. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, तिच्या दुप्पट अंतरावर ठेवा, नाहीतर पाऊस आडोशानं अडतो किंवा पानांवरून जास्तीचा टपकतो. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही तीच वेळ धरा. नोंद झाली की शून्यापर्यंतचं पाणी सोडून बाकी ओता. उघडीप असेल तर सगळं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डास होतात. पावसाळ्यात बंद पडलेल्या कूलरच्या टाकीलाही हेच लागू.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमी पडला तर हजार लिटरची टाकी भरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं. काही मुलांनी ते घरात अनुभवलं आहे. तो आकडा त्यांच्या पट्टीवर दाखवता येतो, पण मूल बिचकलं तर विषय तिथंच सोडा.

मुलांना कळलं की पाठ झालं, हे तपासायला चित्र काढून घेऊ नका. डिसेंबरमधल्या सकाळी गाडीच्या सीटवरचा ओलावा दाखवा आणि विचारा, हे पाणी आलं कुठून. ‘रात्री पाऊस पडला’ असं उत्तर आलं तर अंगणातली फरशी कोरडी का, हे विचारा. तरीही अडलं तर फ्रिजमधली बाटली पुन्हा काट्यावर ठेवा. फक्त डिसेंबरच्या हवेत वजन ऑगस्टइतकं वाढत नाही, तेव्हा बाटलीत आधी बर्फ भरून घ्या.